चाकामागचा पट्टा: जीप, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि आपली काळी माती

(नांदूरघाट, ता. केज, जि. बीड येथे शेतकऱ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



खतांवर, बियाण्यांवर आणि कीडनियंत्रणावर आपण पुष्कळ ऐकता. आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती शेतीच्या कोणत्याही पुस्तकात बहुधा सापडणार नाही. ती म्हणजे गाडीच्या चाकामागे लोंबणारा रबरी पट्टा. बाजारात त्याला मडफ्लॅप म्हणतात, गॅरेजवाला नुसता फ्लॅप म्हणतो. मी आपला पट्टाच म्हणेन. आत येताना बाहेर उभ्या असलेल्या गाड्या मी पाहत आलो. जीप, बोलेरो, ट्रॅक्टर, ट्रॉल्या मिळून बऱ्याच आहेत. ज्यांच्या चाकांमागे पट्टे धड आहेत अशा गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. तेव्हा विषय लहान असला तरी ऐकणाऱ्यांची निवड चुकलेली नाही.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो, कारण त्यात चूक माझी स्वतःची आहे. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी जीप वापरत होतो. तिचा मागचा डावा पट्टा पावसाळ्यात एका ओढ्यात फाटून पडला. तो मी उचलला, अवजारांच्या पेटीत टाकला आणि सवड मिळाली की लावू असे म्हणून विसरून गेलो. पुढे हिवाळ्यात मुरूम टाकलेल्या एका रस्त्याने जात होतो. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास असेल. मागून एक मोटारसायकल येत होती. थोड्या वेळाने ती हॉर्न वाजवीत पुढे आली आणि चालकाने मला हात केला. मी थांबलो. बाजाराला निघालेला तो एक शेतकरी होता, मागे त्याची बायको बसलेली, तिच्या मांडीवर मूल. त्याच्या डाव्या डोळ्याखाली गालाची कातडी फाटली होती आणि रक्त सदऱ्यावर उतरले होते. मला वाटले, आता हा माणूस शिव्या देणार. त्याने शिवी दिली नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीला मागं काहीच नाही." खडा अर्धा इंच वर लागला असता तर त्याचा डोळा गेला असता, मांडीवरच्या लेकराला लागला असता तर काय झाले असते याचा विचार मी अजूनही करीत नाही. त्याला मी दवाखान्यात घेऊन गेलो, टाके पडले. पट्टा त्या वेळी माझ्या सीटखालच्या पेटीत होता.

त्यानंतर मी या पट्ट्याचा अभ्यास केला असे म्हटले तर आपण हसाल, पण खरोखरच केला.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की चाक खडा मागे भिरकावते, गोफणीतून सुटल्यासारखा. जागेवर गरगर फिरणाऱ्या, चिखलात रुतलेल्या चाकाच्या बाबतीत ते खरे आहे. पण रस्त्यावर धावत्या गाडीचे गणित वेगळे आहे. चाकाचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणापुरता स्थिर असतो, घसरत नसतो. तिथून तो भाग वर उचलला जाऊ लागतो. त्याच्या खाचेत अडकलेला खडा सुटतो तेव्हा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो मागे जाताना दिसणार नाही, जवळजवळ सरळ वर उडताना दिसेल. तो हवेत क्षणभर तरंगतो आणि मागून चाळीस-पन्नासच्या वेगाने येणारा मोटारसायकलवाला आपले तोंड त्याच्यावर नेऊन आपटतो. म्हणजे मार बसतो तो मुख्यतः मागच्याच्या वेगाचा. खडा लहान असूनही गाल फाटतो त्याचे कारण हे आहे.

आता हा खडा किती वर उडेल? ते दोन गोष्टींवर ठरते. गाडीचा वेग किती, आणि चाकावर किती वर जाऊन तो सुटला. समजा जीपच्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू धरला आणि तिथून मागे २ फुटांवर पट्टा लोंबतो आहे. पट्ट्याची खालची कड जमिनीपासून ७ इंचांवर आहे. तर त्या कडेच्या खालून निसटू शकणारा खडा ताशी ३० किलोमीटर वेगाला साधारण १ फूट वर जाईल. वेग ६० केला की तोच खडा साडेचार फुटांपर्यंत चढतो. वेग दुप्पट, उंची चौपट, असा हा हिशेब आहे. साडेचार फूट म्हणजे मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे तोंड. आता तोच पट्टा कोणी "खाली घासतो" म्हणून जमिनीपासून फूटभर वर कापून टाकला, तर अवघ्या ३० च्या वेगालाही खडा ३ फुटांपर्यंत जातो आणि ६० ला पार डोक्यावरून. हे कागदावरचे आकडे आहेत, वारा आणि खड्याचा आकार त्यात धरलेला नाही. पण दिशा त्यांतून कळते. पाच इंच पट्टा कापल्याने केवढा फरक पडतो हे आपल्या लक्षात यावे.

नांदूरघाटचा परिसर बालाघाटाच्या पठारावरचा. वर माळाला गेलात की हलकी, मुरमाड जमीन आणि खडीचा रस्ता. खाली मांजरेच्या खोऱ्याकडे उतरलात की भारी काळी माती. सकाळी माळावर गेलेली गाडी दुपारी काळ्या रानात असते. माळावर पट्ट्याचा शत्रू खडा, रानात चिखल. या दोघांना लागणारे पट्टे मात्र एकसारखे नाहीत, आणि खरी अडचण इथेच आहे. शहरातल्या दुकानदाराला ती माहीत नसते.

आपल्या भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण सर्वसाधारणपणे शेकडा ४० ते ६० असते. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. ओली असताना ती चाकाला चिकटते, तिच्यावर आणखी थर बसतो, त्यात काडीकचरा मिसळतो. सोयाबीनचा भुसा किंवा उसाचे पाचट मिसळले की ती जणू भिंतीला लिंपायची मातीच होते. अशा वेळी चाक आणि पट्टा यांच्यात जागा कमी असेल तर दोहोंमध्ये मातीचा बोळा ठासून बसतो. चाक त्या बोळ्यावर घासत फिरते, गाडी ओढत नाही, डिझेल जास्त जळते, आणि शेवटी पट्टा तरी तुटतो किंवा ज्या पत्र्याला तो लावला आहे तो पत्रा तरी वाकतो. आताच चहाच्या वेळी एक वडीलधारे मला म्हणाले, "पट्टा लावला की चिखल जास्त बसतो, म्हणून आम्ही काढून टाकला." त्यांचे म्हणणे खोटे नाही. पट्टा चाकाला खेटून लावला असेल तर तसे होणारच. पण त्याला उपाय पट्टा फेकून देणे हा नाही. पट्टा चाकापासून लांब हवा आणि रानात शिरताना चटकन काढता आला पाहिजे.

जीपच्या जातीच्या गाडीला, मग ती जुनी असो, बोलेरो असो की नवी थार, चाक आणि पट्टा यांच्यात निदान चार बोटे जागा हवी असे गॅरेजमध्ये सांगतात. मी म्हणेन की आपल्या मातीसाठी १० ते १२ सें.मी. ठेवा. ट्रॉलीला १५ सें.मी. किंवा त्याहून थोडी अधिक. हे अंतर गाडी रिकामी उभी असताना मोजून भागत नाही. गाडीत माणसे बसली, चार पोती पडली की कमानी दबतात, मागचा भाग दोन-तीन इंच खाली येतो आणि चाक वर, मडगार्डच्या आत सरकते. म्हणून मागच्या बाजूला नेहमीचा भार टाका आणि मग माप घ्या. भरलेल्या गाडीत पट्ट्याची खालची कड जमिनीपासून १८ ते २० सें.मी.वर राहावी. रिकाम्या गाडीत ती आपोआप २२ ते २५ वर जाईल. पुढच्या चाकांना पट्टा लावायचा असेल तर स्टिअरिंग आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. सरळ उभ्या चाकाला न लागणारा पट्टा वळवलेल्या चाकाला हमखास लागतो.

कड जमिनीच्या फार जवळ ठेवण्याचा मोह काहींना होतो. तो मलाही झाला. गाल फाटलेल्या त्या माणसाचा प्रसंग डोक्यात होता, म्हणून मी नवा पट्टा बसवताना जमिनीपासून जेमतेम दोन इंच वर आणला. एकही खडा निसटायला नको, अशी माझी हौस. पंधरा दिवस मी खूश होतो. मग एका रानात बांधाजवळून गाडी मागे घेतली. मागे येताना चाक पट्ट्यावर चढले, पट्टा चाकाखाली आणि बांधाच्या मातीत दाबला गेला. त्याने मागचा पत्रा ओढून वाकवला, आणि पत्र्याच्या आतून गेलेली मागच्या दिव्याची वायर तुटली. वायर तुटल्याचे मला समजलेच नाही. अंधार पडल्यावर त्याच गाडीने परत निघालो. मागून उसाचा एक ट्रॅक्टर येत होता, त्याच्या चालकाने हॉर्न वाजवून वाजवून मला थांबवले आणि माझा मागचा दिवा बंद असल्याचे सांगितले. म्हणजे एका चुकीवर उपाय करताना मी दुसरी, पहिलीहून मोठी चूक करून बसलो होतो. तेव्हा पट्टा बसवल्यावर पहिली चाचणी रस्त्यावर पुढे पळवून घेऊ नका. गाडी बांधावरून मागे घेऊन पाहा, एका माणसाला खाली बसून बघायला सांगा.

पट्टा कशाचा असावा? बाजारात प्लास्टिकचे, रबराचे आणि पत्र्याचे असे तीन प्रकार दिसतात. पत्र्याचा पट्टा मी कोणालाही सुचवणार नाही. वाकला की तो चाकाला कापतो, सुटला की मागच्याला कापतो. प्लास्टिकचे तयार पट्टे दिसायला नेटके असतात. ज्या गाडीसाठी ते बनवलेले असतात तिला कंपनीच्याच भोकांत, कंपनीच्याच स्क्रूंनी बसतात. नवी गाडी असेल, तिची वॉरंटी शिल्लक असेल आणि गाडी मुख्यतः डांबरी रस्त्यावरच चालत असेल तर तेच घ्या, नवीन भोके पाडत बसू नका. पण उन्हाळ्यात आपल्याकडे चाळिशीच्या वर पारा जातो, त्यात हलक्या प्रतीचे प्लास्टिक दोन-तीन वर्षांत कडक होते आणि पहिल्याच दगडाला तुटते. मी स्वतः एकदा रंगीत चित्र असलेली जोडी घेतली होती. चित्र अजून आहे, पट्टे नाहीत.

आपल्यासाठी रबर चांगले. जीपला ४ ते ६ मि.मी. जाडीची, आत कापडाचा थर असलेली रबरी चादर घ्यावी. कापडाचा थर असला की भोकापासून चीर पडत नाही. ट्रॉलीसाठी एक उत्तम माल आपल्या आजूबाजूलाच मिळतो. साखर कारखान्यात आणि खडी केंद्रावर माल वाहणारे रबरी पट्टे असतात, ते झिजले की भंगारात जातात. त्यांत कापडाचे दोन-तीन थर असतात. ८ ते १० मि.मी. जाडीचा असा तुकडा ट्रॉलीला वर्षानुवर्षे टिकतो. मात्र तोच तुकडा जीपला लावू नका. ४० बाय ४५ सें.मी.चा १० मि.मी. जाड तुकडा दोन किलोच्या पुढे भरतो. खाचखळग्यात तो सतत हिसके देतो आणि जीपचा पातळ पत्रा भोकापाशी फाटतो. जुन्या टायरचा कापलेला तुकडाही काही लोक लावतात. तो मुळात वाकडा असतो, लोंबताना सरळ राहत नाही, आणि त्यातल्या तारा बाहेर येऊन बोटे फाटतात. जुनी ट्यूब अगदीच पातळ. वेग घेतला की ती मागे उडते आणि असून नसल्यासारखी होते.

रुंदी चाकापेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जास्त धरा. बोलेरोच्या २१५ मापाच्या टायरची रुंदी साडेएकवीस सें.मी. असते, तिला २८ सें.मी. रुंद पट्टा पुरतो. ट्रॉलीच्या ९.००-१६ च्या टायरला ३० सें.मी. पट्टा गाडीच्या अंगाबाहेर मात्र जाऊ देऊ नका. बाहेर आलेला पट्टा झुडपात आणि बैलगाडीच्या चाकात अडकतो, शिवाय तो ओलांडणाऱ्याच्या पायाला लागतो. कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा किंवा खताच्या रिकाम्या पोत्याचा नमुना कापून चाकामागे धरून पाहावा. पोते चुकले तर दुसरे कापता येते.

आता बसवण्याकडे येतो. प्रथम मडगार्डचा मागचा आतला भाग पाण्याने धुऊन, खरवडून स्वच्छ करा. चिखलाखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय भोक पाडू नका. हे मी जोर देऊन सांगतो. काही गाड्यांत त्या पत्र्यामागूनच डिझेलची नळी, ब्रेकची नळी किंवा दिव्याच्या वायरी जातात. नव्या गाड्यांत चाकाच्या वेगाची नोंद घेणारी बारीक वायरही असते, ती तुटली की ब्रेकची यंत्रणा दिवा लावून तक्रार करते. आधी पत्र्यामागे हात घालून चाचपा. कंपनीचे रिकामे भोक किंवा स्क्रू सापडला तर त्याचाच उपयोग करा.

भोक ८ मि.मी.च्या बोल्टाचे. एका पट्ट्याला तीन बोल्ट पुरतात. रबराला नुसता बोल्ट लावून आवळला तर रबर बोल्टाच्या डोक्याभोवती फाटते, म्हणून रबराच्या मागून-पुढून पट्ट्याच्या पूर्ण रुंदीची लोखंडी पट्टी घाला. २५ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड पट्टी पुरते. अशा पट्टीत रबर चिमटले गेले की ओढ एका भोकावर न येता सगळ्या रुंदीवर वाटली जाते. तयार पट्टे पडण्याचे पहिले कारण ही पट्टी नसणे हेच मला दिसले आहे. नट नायलॉनचा, आपोआप न सुटणारा घ्यावा. पत्र्याच्या बाजूला मोठा वायसर घाला. भोक पाडल्यावर कडेला रेड ऑक्साइडचा हात जरूर द्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत भोकाची फुली होते आणि गंज पत्रा खात सुटतो. नट आवळताना रबर फुगेल इतके आवळू नका. आठ दिवसांनी पुन्हा एकदा पाना लावा, कारण रबर बसते आणि नट सैल होतो.

गॅरेजमध्ये सोपे म्हणून वेल्डिंग करायला सांगतात. ट्रॉलीच्या चेसीला वेल्डिंग करण्यात काही हरकत नाही. जीपला शक्यतो करू नका. करावेच लागले तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि डिझेलची टाकी किती हातावर आहे ते पाहा. पेट्रोलची गाडी असेल तर हा विचारच सोडून द्या. सायलेन्सरची नळी पट्ट्याजवळून जात असेल तर त्या बाजूचा कोपरा तिरपा कापा. तापलेल्या नळीला टेकलेले रबर आधी वास देते आणि नंतर जळते.

ट्रॉलीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आता बऱ्याच ट्रॉल्या हायड्रॉलिकने उलटणाऱ्या आहेत. अशा ट्रॉलीचा पट्टा हौद्याच्या मागच्या काठाला लावला तर हौदा उचलला की मागचा काठ खाली येतो, पट्टा जमिनीवर दाबला जातो आणि त्यावर माल पडतो. गाडी पुढे घेतली की पट्टा तुटतो. म्हणून उलटणाऱ्या ट्रॉलीचा पट्टा चेसीला लावावा, हौद्याला नाही. चेसीला आडवा अँगल जोडा आणि त्यावर पट्टा टांगा. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांना मडगार्ड असते, पण मागचा भाग उघडा असतो. ट्रॅक्टर पंचवीसच्या वेगाने जातो तेव्हा त्याच्या चाकाने उडवलेले मातीचे ढेकूळ ट्रॉलीवरच आदळते, रस्त्यावरच्या माणसावर क्वचित. तेव्हा ट्रॅक्टरचे राहू द्या, ट्रॉलीचे आधी करा.

काढता येणारा पट्टा कसा करायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी सांगतो ती युक्ती महाग नाही. चेसीला किंवा मडगार्डखालच्या मजबूत अँगलला दोन नळीचे तुकडे आडवे जोडा. रबराच्या वरच्या लोखंडी पट्टीला एक गोल सळई जोडा, ती या नळ्यांत बाजूने सरकते. शेवटी सळईच्या भोकात ट्रॅक्टरच्या अवजाराला लावतो तीच लिंच पिन घाला. रानात शिरताना पिन काढली, सळई सरकवली, पट्टा गाडीत टाकला. रस्त्यावर चढताना परत लावला. दोन्ही बाजू मिळून पाच मिनिटांचे काम. पिनेला साखळीने बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ती रानात हरवते आणि मग पट्टा माझ्यासारखा पेटीत पडून राहतो. ज्यांना एवढेही नको त्यांनी पट्ट्याच्या खालच्या कोपऱ्याला एक कडी लावावी आणि चिखलात पट्टा वर दुमडून हुकाला अडकवावा.

पट्टा वेगाने मागे उडू नये म्हणून त्याच्या खालच्या भागातून चेसीकडे एक बारीक साखळी पुढच्या बाजूला बांधतात. तिची गरज ट्रॉलीला नाही, जीपला असते. ४५ सें.मी.चा पट्टा वाऱ्याने तीस अंश मागे कलला तरी त्याची कड सुमारे ६ सें.मी. वर जाते. साखळी ढिली ठेवा. ताणली तर पट्टा चाकाकडे ओढला जातो. खाली वजनासाठी लोखंडी पट्टी ठोकण्याची पद्धत मला पसंत नाही. ती सुटली की तोच मोठा खडा.

आता रात्रीची गोष्ट. ऊस गळिताचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड जिल्ह्यातून किती कुटुंबे तोडणीला बाहेर जातात हे तुम्हाला माझ्याहून अधिक माहीत आहे. आपले कितीतरी लोक ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात. मांजरसुंबा-केज-अंबाजोगाई रस्त्यावर रात्री एकदा उभे राहून पाहा. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असतो, पण तो चिखलाने माखलेला. दिवा असतो, पण त्याच्या काचेवर मातीचा लेप. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती उसाच्या शेंड्यात शिरायची वेळ आल्यावरच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मागच्या बाजूला लाल परावर्तक सांगितले आहेत. पण ते स्वच्छ कसे राहतील हे नियमात लिहून होत नाही. चाकामागे पट्टा असेल तर ही घाण बरीचशी तिथेच अडते. तरीही रस्त्यावर चढण्यापूर्वी ओल्या फडक्याने दिवा आणि परावर्तक पुसायची सवय चालकाला लावा. मागच्या पट्ट्यावर काही जण पांढरे चमकणारे तुकडे चिकटवतात. मागे पांढरे नको, लालच हवे. पांढरे दिसले की मागच्याला वाटते गाडी समोरून येते आहे.

कायद्याची शंका काहींच्या मनात असते, ती येथेच दूर करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधन आहे. नोंदणीपुस्तकात गाडीची जी माहिती असते तिच्यात फरक पडेल असा बदल मालकाने परस्पर करू नये, असा त्याचा रोख आहे. चाकामागे पट्टा लावल्याने नोंदणीपुस्तकातले काही बदलत नाही. मात्र पट्ट्याच्या निमित्ताने कोणी चेसी कापली, मोठी चाके घातली, हौदा रुंद केला तर ती गोष्ट वेगळी. नंबरप्लेट पट्ट्याआड जाणार नाही एवढे पाहा.

शेतीच्या दृष्टीने एक मुद्दा राहतो, आणि माझ्या मते तो दुर्लक्षित आहे. पट्ट्यामागे आणि मडगार्डमध्ये साठलेली माती ही नुसती घाण नसते. तिच्यात तणाचे बी असते. गाजर गवत आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्याला प्रथम नजरेस आले आणि नंतर साऱ्या देशभर पसरले. ते वाऱ्याने आणि पाण्याने तर पसरलेच, पण गाड्यांच्या चाकांना लागलेल्या मातीबरोबरही पसरले. तुरीच्या मर रोगाची बुरशी जमिनीत राहते. ज्या रानात मर आहे तिथला चिखल चाकाला घेऊन तुम्ही शेजारच्या निरोगी रानात गेलात, तर तुम्ही काय नेता आहात ते समजून घ्या. भाड्याने नांगरट आणि मळणी करणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे, त्यांची यंत्रे दिवसाकाठी चार शिवारे फिरतात. रानातून निघताना बांधावरच लाकडी फावड्याने चाक आणि पट्ट्याची माती पाडा. त्याच रानातली माती त्याच रानात राहू द्या. डांबरी रस्त्यावर पडलेली काळी माती पहिल्या सरीत साबणासारखी होते आणि तिच्यावरून घसरलेला मोटारसायकलवाला बहुधा आपल्याच गावचा असतो.

आपण विचाराल, एवढे सगळे करायला कोणाकडे जायचे? कोणाकडेच जायला नको. केजच्या किंवा आपल्या गावच्या वेल्डिंगवाल्याकडे ड्रिल मशीन आहे, बाकी १३ चा पाना, हातकरवत आणि धारदार चाकू. रबर कापताना चाकूला साबणाचे पाणी लावा, सरसर कापते. ताईंपैकी ज्या स्वतः गाडी चालवतात, आणि आता तशा बऱ्याच आहेत, त्यांनाही हे काम सहज जमेल. वजन उचलण्याचा भाग यात नाही.

मी सोबत पट्ट्याचा एक भंगारातला तुकडा, लोखंडी पट्टी आणि नट-बोल्ट आणले आहेत. बाहेर कडुनिंबाखाली एक निळी ट्रॉली उभी आहे, तिच्या उजव्या चाकामागे काहीच नाही. ज्यांची असेल त्यांनी पुढे यावे, तिलाच आपण आता पट्टा बसवू. ट्रॉलीत खताची पोती आहेत ती उतरवू नका, माप भरल्या गाडीतच घ्यायचे आहे. आणि कोणाकडे १३ चा दुसरा पाना असेल तर तो घेऊन या, माझ्याकडे एकच आहे आणि नट धरायला दोन लागतात.